साहेब आख्यान लावतात

सोमवारी सकाळी साडेसहाच्या सुमाराला हुतात्मा एक्स्प्रेस सोलापूरहून पुण्याला निघते. त्याआधीचा अर्धा तास फलाटावर जाऊन उभं राहिलं की या शहराची आजची हकीकत कुणाला विचारावी लागत नाही. शनिवार-रविवार घरी येऊन गेलेली पोरंपोरी परत निघालेली असतात. खिडकीपाशी आई उभी असते, बाप थोडा मागं. पिशवीत शेंगाचटणीचा डबा, वर्तमानपत्रात बांधलेल्या कडक भाकऱ्या. "पोचलास की फोन कर" हे वाक्य मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत आणि दखनीत एकाच फलाटावर ऐकू येतं. गाडी हलली की कुर्डुवाडीपर्यंत डबा झोपतो. जी जागी असतात त्यांच्या कानात बोंडं असतात.

गेल्या पावसाळ्यात माझ्या शेजारी असाच एक मुलगा होता. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो म्हणाला. मघापासून तो डोळे मिटून मान डोलावत होता. गाणं असेल असं मला वाटलं. "काय ऐकूलालास बे?" म्हणून विचारलं, तर त्यानं एक बोंडू काढून माझ्या कानाला लावलं. कुणी एक साहेब बोलत होते. मोठ्या कंपनीत वरच्या पदावर होतो, केबिन होती, गाडी होती, ड्रायव्हर होता, आणि एक दिवस सगळ्यावर लाथ मारून तुमच्यासारख्यांशी बोलायला बाहेर पडलो, असा एकूण मतलब. आवाज खर्जातला, मागं बासरी.

"रोज ऐकतोस?"

"सोमवारी ऐकतो, काका. बरं वाटतंय."

"किती वेळ टिकतं?"

त्यानं खरोखर विचार केला आणि म्हणाला, "हडपसर येईपर्यंत."

या उत्तराचा मला राग आला नाही, हसूही आलं नाही. अडीचशे किलोमीटर धीर पुरवणारी वस्तू काही अगदीच टाकाऊ म्हणता येत नाही. पण त्या दिवसापासून डोक्यात एक गोष्ट बसली: कंपनीतला साहेब नोकरी सोडून लोकांना गोष्टी सांगायला निघतो, तेव्हा तो नेमकी कुठली गोष्ट सांगतो? आणि सोलापूरला ती का लागते?

या गाडीच्या नावात चार माणसं आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्याला फाशी दिली. चौघेही सोलापूरहून पुण्याकडेच नेले गेले. हे मी त्या मुलाला सांगितलं नाही. त्याची झोप लागली होती.

*

अलीकडे सोलापुरात प्रेरणादायी व्याख्यानांचे फ्लेक्स वाढदिवसाच्या फ्लेक्सइतकेच दिसतात. सात रस्त्याला एक, पार्क चौकाजवळ एक. त्यावर हाताची घडी घातलेला सूटबूटवाला आणि खाली त्याची आधीची पदं, उतरत्या भाजणीनं. महाविद्यालयं बोलावतात, क्लासवाले बोलावतात, बँका बोलावतात, आणि साखळी पद्धतीनं माल विकणारे तर हमखास बोलावतात. मानधन वक्त्याच्या आधीच्या पदावर ठरतं, हे मला एका संयोजकानं सांगितलं. विषयावर नाही, पदावर. "माजी व्हाइस प्रेसिडेंट" म्हटलं की खुर्च्या भरतात.

अशा एका सेशनला मीही गेलो होतो. एका हॉटेलचा एसी हॉल, दारात चहा आणि दोन बिस्किटं. फी मी स्वतःच्या खिशातून भरली होती, त्यामुळे मन लावून बसलो. आधी आम्हाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मग शेजारच्याला मिठी मारायला सांगितलं. माझ्या शेजारी साठीच्या आसपासचे एक गृहस्थ होते. एमआयडीसीत त्यांचे थोडे माग, टॉवेल काढतात. मिठी मारताना दोघंही अवघडलो. मग प्रत्येकाला कागद दिला. त्यावर आपली भीती लिहायची आणि सगळ्यांनी एकदम टराटरा फाडायची. हॉलभर कागद उडाले. टॉवेलवाल्यांनी आपले तुकडे गोळा करून शर्टाच्या खिशात घातले. कचरा खाली टाकायची सवय नव्हती त्यांना.

शेवटी प्रश्नांची वेळ आली तेव्हा त्यांनीच हात वर केला. "सर, सुताचा भाव एकदम चढला आणि मालाचा भाव ठरून गेलेला असला, तर काय करायचं?"

साहेब हसले. छान हसले. म्हणाले, भाव बाहेर असतो, मनःस्थिती आत असते, आधी मनःस्थिती बदला. टाळ्या पडल्या. टॉवेलवाले खाली बसले आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "म्हणजे यांनाबी माहीत नाही."

आता या साहेबांना झोडपणं सोपं आहे, आणि तेवढ्यासाठी मी लिहायला बसलेलो नाही. त्या दोन तासांत माझ्या डोळ्यांत एकदा पाणी आलं होतं, हेही कबूल केलं पाहिजे. ते आपल्या आईबद्दल बोलत होते तेव्हा. मंगळवारपर्यंत मी ते विसरलो. पण आलं होतं.

*

डोळ्यांत पाणी आणण्याची ही रीत साहेबांनी शोधलेली नाही. ती आपल्या देवळांतली आहे.

नारदीय कीर्तन ऐकलेल्या माणसाला ही बांधणी चटकन ओळखू येते. आधी नमन. मग मूळ पद, एक अभंग, त्यातला एक सिद्धान्त. पूर्वरंगात बुवा त्या सिद्धान्ताचं निरूपण करतात, दाखले देतात, थोडा विनोद, थोडं संस्कृत. मग मध्यंतर. नामघोष चालू असताना बुवांच्या कपाळाला बुक्का लावतात, गळ्यात हार घालतात. बुवा उपरणं सावरतात, पेटीवाला सूर धरतो, आणि मग उत्तररंग: आख्यान लागतं. पूर्वरंगात जे तत्त्व म्हणून सांगितलं तेच आता हरिश्चंद्राच्या नाहीतर सुदाम्याच्या तोंडून यायचं. रडायचं ते इथं. शेवटी बुवा फिरून मूळ पदावर येतात, भैरवी, आरती, प्रसाद.

साहेबांच्या सेशनमध्ये चहा म्हणजे मध्यंतर. पडद्यावरचं वाक्य म्हणजे मूळ पद. आईची गोष्ट म्हणजे आख्यान. हारसुद्धा असतो, फक्त तो शेवटी आणि शालीबरोबर.

फरक एकाच ठिकाणी आहे, आणि तो मोठा आहे. कीर्तनकार आख्यान लावतो ते दुसऱ्याचं. बुवा स्वतः हरिश्चंद्र होत नाहीत. बुवांनी घर कसं बांधलं, बुवांची पहिली मोटार कुठली, हे आख्यानात येत नाही. आलंच तर चेष्टेनं. साहेबांच्या उत्तररंगात नायक साहेबच असतात.

कथाकथनातही हेच होतं. अकलूज आपल्याच जिल्ह्यातलं. तिथं जन्मलेले द. मा. मिरासदार, बरोबर शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर, या तिघांनी गावोगाव कथा सांगितल्या. लोक पोट धरून हसले ते नाना चेंगटाला, मिरासदारांना नाही. व. पु. काळे पेशानं वास्तुविशारद, मुंबई महापालिकेच्या नोकरीतले. ऑफिसातून उठून मंचावर जाणं मराठीला नवं नाही. नवीन आहे ते स्वतःचंच चरित्र घेऊन जाणं.

*

सोलापूरच्या बाबतीत तर हा प्रवास आठशे वर्षांहून जुना निघतो.

बाराव्या शतकातले सिद्धराम, आपले सिद्धेश्वर. त्यांच्या गावाचं नाव तेव्हा सोन्नलिगे. परंपरा त्यांना आधी ओळखते ती कामं काढणारा माणूस म्हणून: तळं खोदवणारा, देवळं उभारणारा, शेकडो मजूर हाताखाली असलेला. आजच्या भाषेत सांगायचं तर मोठ्या प्रकल्पाचा प्रमुख. कथा अशी की अल्लमप्रभू तिथं आले आणि त्यांनी मजुरांकडं सिद्धरामांची चौकशी केली ती खोदकाम करणाऱ्या वड्डराचं बिरुद लावून. मजूर खवळले, दगड घेऊन धावले. पुढं दोघांची भेट, वाद, आणि मग सिद्धराम अल्लमांबरोबर कल्याणला, बसवण्णांच्या अनुभवमंटपात गेले. तिथून पुढचे सिद्धराम हे वचनकार. त्यांची कन्नड वचनं आजही म्हटली जातात.

या कथेतला इतिहास किती, हे तज्ज्ञांनी ठरवावं. मला त्यातलं एक आवडतं. अल्लमांनी सिद्धरामांना तळं बुजवायला लावलं नाही. तळं आहे. गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वज घेऊन लाखो लोक अजून त्याच्याच काठाशी येतात. काम करणारा माणूस सांगणारा झाला, आणि केलेलं कामही मागं राहिलं. पद सोडून मंचावर येणाऱ्या कुणालाही विचारायला हरकत नाही: साहेब, तुमचं तळं कुठं आहे?

*

दुसरं नाव कारखान्यातलं. शंकरराव किर्लोस्कर, १८९१ साली सोलापुरात जन्मले. वडील डॉक्टर. शंकररावांचा ओढा चित्रकलेकडं, त्यासाठी ते लाहोरपर्यंत जाऊन आले. पुढं काका लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्यात, किर्लोस्करवाडीला रुजू झाले आणि जाहिरातीचं काम त्यांच्याकडं आलं. नांगर विकायचा तर शेतकऱ्याशी बोललं पाहिजे, म्हणून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली. कारखान्याचं बातमीपत्र. नांगराची माहिती, गिऱ्हाइकांची पत्रं.

पण हातात छापखाना आणि मनात चित्रकार असला की माणूस नांगरावर थांबत नाही. 'खबर'मध्ये हळूहळू उद्योग करणाऱ्यांच्या कहाण्या आल्या, अंधश्रद्धेवर टीका आली, गोष्टी आल्या. पुढं 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' उरलं. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर'. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या या मासिकांवर वाढल्या. नोकरीच्या मागं लागू नका, हातानं काही करा, हे त्या काळात इतक्या चिकाटीनं दुसऱ्या कुणी क्वचितच सांगितलं असेल. कंपनीच्या जाहिरातखात्यातून निघालेलं हे प्रेरणेचं सर्वांत मोठं मराठी दुकान. आणि त्यात शंकररावांनी विकायला काय ठेवलं होतं? स्वतःचं यश नव्हतं. साबण करणारा, काच ओतणारा, शिवणयंत्र चालवणारी बाई, असे दुसरे.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव, ज्यांनी पुढं किर्लोस्कर समूह वाढवला, तेही १९०३ साली सोलापुरातच जन्मले. गिरण्यांचं गाव तेव्हा भरात होतं. जुनी मिल १८७७ पासून चालू होती, भोंग्यावर शहर उठत होतं. ती जुनी मिल १९६०च्या दशकात बंद पडली, आणि एकेक करत बाकीच्याही. भोंगा गेला तेव्हापासून सोलापूरच्या पोराला सकाळी उठवायला दुसरा कुठला तरी आवाज लागतो, असं मी एकदा एका गिरणी कामगाराच्या मुलाला म्हणालो. तो म्हणाला, "साहेब, भोंगा पगार देत होता." वाद संपला.

*

आता ज्या माणसासाठी हा लेख लिहायला घेतला तो. अच्युत गोडबोले.

सोलापूरचा मुलगा. शिक्षण मराठीतून, गणितात कुशाग्र, गाण्याचं वेड. आयआयटी मुंबईतून १९७२ साली केमिकल इंजिनिअर झाला. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही फ्लेक्सवर शोभेल. पण त्यानंतर हा मुलगा अमेरिकेला जाण्याऐवजी शहाद्याला गेला. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, आजच्या नंदुरबारमध्ये, भिल्ल आदिवासींचं जमिनीसाठी आणि मजुरीसाठी आंदोलन पेटलेलं होतं. त्यात तो राहिला, काही दिवस तुरुंगातही गेला. मग परत फिरून सॉफ्टवेअरमध्ये शिरला. तीसहून अधिक वर्षं त्या धंद्यात. पटनी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्यांत अगदी वरच्या खुर्चीपर्यंत. मध्येच 'ऑपरेटिंग सिस्टिम्स'सारखी इंग्रजी पाठ्यपुस्तकं लिहिली, ती इंजिनिअरिंगच्या पोरांनी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचली.

आणि मग नोकरी सोडून पूर्ण वेळ मराठी लेखन.

इथं थोडं थांबतो, कारण सांगायचं आहे ते यापुढंच आहे. सीईओ म्हणून इतकी वर्षं काढलेल्या माणसाकडं लोक काय मागतील? नेतृत्वाचे दहा मंत्र. यशाच्या पायऱ्या. ते लिहून, बोलून सहज जगता आलं असतं, आणि सुखात. गोडबोल्यांनी 'किमयागार' लिहिलं. त्यात कोण? गॅलिलिओ, न्यूटन, फॅरेडे, क्युरी बाई. 'अर्थात' लिहिलं, त्यात अर्थशास्त्र आणि ते घडवणारी माणसं. सुलभा पिशवीकरांबरोबर 'नादवेध', रागसंगीतावर. माधवी ठाकूरदेसाईंबरोबर 'गणिती'. 'मनात' हे मानसशास्त्राचा इतिहास सांगणारं जाडजूड पुस्तक. दीपा देशमुखांबरोबर 'जीनियस' मालिका, 'कॅनव्हास', 'सिंफनी'. कंपन्यांच्या जगाशी सरळ नातं सांगणारं पुस्तक शोधायचं तर अतुल कहातेंबरोबरचं 'बोर्डरूम'. त्यातही उद्योग आणि उद्योजक दुसरेच.

म्हणजे या साहेबांनी आख्यान लावलं ते कीर्तनकाराच्या रीतीनं. पूर्वरंग सोलापूरचा, उत्तररंग जगाचा.

पद्धत बघण्यासारखी आहे. गोडबोले सिद्धान्तापासून सुरुवात करत नाहीत, माणसापासून करतात. त्याची भांडणं, लहरीपणा, दारिद्र्य, प्रेमप्रकरणं. आपण त्यात गुंतलो की मग हळूच त्याचं गणित किंवा त्याचा प्रयोग पुढं करतात. रामानुजनची गोष्ट मद्रासच्या बंदरातल्या कारकुनीपासून सुरू झाली की कोष्टकातला आकडासुद्धा जिवंत वाटतो. ज्याला दहावीत गणितानं रडवलं त्यानंही 'गणिती' शंभर पानं वाचलेली मी पाहिली आहेत. प्रेरणा म्हणतात ती हीच असेल तर ती कुतूहलाच्या पोटातून येते. 'तूही होशील' असं कुणी न म्हणता.

दोष आहेत. पुस्तकं जाड आहेत, माहितीचा कधीकधी ढीग होतो, एकामागून एक चरित्रं सारख्याच लयीत धावतात, आणि इतकी पुस्तकं इतक्या वेगानं आली की संपादकानं कात्री थोडी जोरात चालवायला हवी होती असं वाटत राहतं. 'मनात' मी दोन दमांत वाचलं, मध्ये वर्ष गेलं. तज्ज्ञ मंडळी या लेखनाला संकलन म्हणतात. असेल. ज्या भाषेत अर्थशास्त्राचा इतिहास झोपण्याआधी पडून वाचता येत नव्हता, तिथं तो वाचता येऊ लागला, ही माझ्या लेखी लहान कामगिरी नाही. हे यांचं तळं.

'मुसाफिर' मात्र वेगळं. हे आत्मचरित्र. सोलापुरात दहावी-बारावीच्या पोरांना बक्षीस म्हणून दिलं जाताना मी ते अनेकदा पाहिलंय, आणि ज्यांना दुसरी पुस्तकं माहीत नाहीत त्यांनाही हे माहीत असतं. इथं तरी साहेब स्वतःच्या यशाची गोष्ट सांगतील असं वाटतं. सांगतातही, पण वाचकाला लक्षात काय राहतं? मराठी शाळेतून आयआयटीत गेल्यावर आलेला इंग्रजीचा न्यूनगंड. शहाद्याचे दिवस. मैफली. मुलाला ऑटिझम आहे हे कळल्यानंतरची घरातली वर्षं, आणि त्यातून ऑटिझम असलेल्या मुलांसाठी 'आशियाना' ही संस्था उभी राहण्यात घेतलेला वाटा. पदं येतात आणि स्टेशनांसारखी मागं जातात. अमुक पद मिळालं म्हणून टाळी घ्यावी अशी जागा शोधायला गेलात तर सापडेल, पण पुस्तक तिथं उभं नाही.

आणि एक गोष्ट नेहमीच्या प्रेरणावाल्यांपेक्षा फार निराळी. याच माणसानं 'थैमान चंगळवादाचे' आणि 'अनर्थ' लिहिलं. म्हणजे तुझी परिस्थिती ही फक्त तुझ्या मनःस्थितीची करणी आहे, असं तो सांगत नाही. बाजार आहे, धोरण आहे, विषमता आहे, आणि ती समजून घ्यावी लागते. शहाद्याचे दिवस सीईओच्या केबिनमध्येही पूर्ण पुसले गेले नसावेत.

हॉटेलच्या हॉलमध्ये टॉवेलवाल्यांनी विचारलेला सुताच्या भावाचा प्रश्न मला 'अर्थात' चाळताना आठवला. त्या पुस्तकात सोलापूरचं सूत नाही. पण भाव का चढतो, कोण चढवतो, चलनवाढ म्हणजे काय, हे आहे. टॉवेलवाल्यांना मिठी नको होती, हे हवं होतं.

*

परदेशातही या वाटेवर एक शहाणा माणूस भेटतो. स्टीफन डेनिंग हे जागतिक बँकेत मोठे अधिकारी होते. बँकेनं पैशाबरोबर ज्ञानही वाटलं पाहिजे, हे ते तक्त्यांनी आणि आकड्यांनी सांगून थकले, कुणी ऐकेना. मग १९९६ साली त्यांनी एक छोटी गोष्ट सांगायला सुरुवात केली. झांबियातल्या कामाना नावाच्या लहानशा गावात एका आरोग्य कर्मचाऱ्यानं, जून १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राच्या इंटरनेटवरच्या माहितीतून मलेरियाच्या उपचारावरचं उत्तर मिळवलं. बस, एवढीच गोष्ट. आणि पुढचा प्रश्न: गरिबीवर काम करणारी आपली बँक या चित्रात कुठं आहे? कुठंच नाही. साहेबलोक हलले. डेनिंग २००० साली बँकेतून बाहेर पडले आणि पुढं गोष्ट सांगण्याचीच विद्या शिकवत राहिले.

त्या गोष्टीचाही नायक डेनिंग नव्हे. नाव न सांगितलेला एक आरोग्य कर्मचारी. एका मिनिटात संपणारी गोष्ट, पण गावाचं नाव आहे, महिना आहे, आजार आहे. आपल्याकडच्या सेशनमध्ये गरुड चाळीस वर्षांचा झाला की चोच आपटून तोडतो ही गोष्ट अजून सांगतात. ती खोटी आहे. गरुड असं काही करत नाही. चोच तुटली तर तो उपाशी मरतो. हॉलमधल्या चारशे माणसांत एखादा तरी प्राणिशास्त्राचा मास्तर असतोच. तो गप्प बसतो, कारण शेजारचे टाळ्या वाजवत असतात.

*

सोलापूरला या साहेबांची गरज नाही असं मी म्हणणार नाही. ज्या घरात पहिलाच मुलगा कॉलेजात गेलाय, ज्याची आई विड्या वळते आणि बाप मागावर उभा राहतो, त्याला मुलाखतीत कसं बसायचं, इंग्रजीची भीती कशी मोडायची, पगाराची बोलणी कशी करायची हे सांगणारं कुणी लागतं. ज्यानं वीस-तीस वर्षं माणसं नेमली आणि काढली त्याच्याइतकं हे कुणाला ठाऊक असणार? मला त्यांच्याकडून तेच ऐकायचंय. मोठी कंपनी आतून कशी चालते. एका फटक्यात शंभर माणसं कमी करायचा निर्णय कुठल्या खोलीत होतो, त्या खोलीत तुम्ही होता का, आणि त्या रात्री जेवलात का. राजीनामा दिला तेव्हा शिल्लक किती होती; कारण शिल्लक असलेल्याची उडी आणि नसलेल्याची उडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हुतात्मा एक्स्प्रेसमधल्या पोरांपैकी बहुतेकांच्या घरी हप्ते आहेत.

थंडी आली की आपल्याकडं व्याख्यानमाला सुरू होतात. महाविद्यालयांची स्नेहसंमेलनंही तेव्हाच. संयोजकांना माझी एवढीच विनंती आहे. या वर्षी कुणा साहेबांना बोलावलंत, तर पत्रिकेवर पदं कमी छापा आणि विषय नीट छापा. त्यांना आधीच कळवा की तुमची गोष्ट पंधरा मिनिटांत सांगा, मग तुमच्या धंद्याबद्दल बोला, किंवा तुम्हाला वेड लावणाऱ्या दुसऱ्या कुणाबद्दल. हार सुरुवातीला घाला, म्हणजे शेवट प्रश्नांना मोकळा राहील. आणि माइक फिरता ठेवा, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा.

एमआयडीसीतल्या त्या टॉवेलवाल्यांना निरोप द्यायचं काम माझ्याकडं. ते येतील म्हणालेत, फक्त कार्यक्रम पाळी सुटल्यावर ठेवा.